खात्याचं घर

मुकुट घरात आला की आठ दिवस घर आपलं राहत नाही. पवित्र आत्म्याच्या सणाचा तो चांदीचा मुकुट यंदा चर्चच्या चिठ्ठीत दिओलिंदा अरूदाच्या नावाने निघाला होता. तेव्हापासून तिच्या तळमजल्यावर रोज संध्याकाळी जपमाळ, रोज नवी फुलं आणि रोज नवे पाहुणे. आज शेवटचा रविवार. दाराशी येईल त्याला सूप वाढायचं आणि कोण, कुठला हे विचारायचं नाही, अशी रीत. दुपारी दोनपर्यंत सव्वाशे माणसं जेवून गेली होती. बीफचं सूप, त्यात भिजवलेला पाव, कोबी आणि वर पुदिन्याची काडी. त्रेसष्ट वर्षांची दिओलिंदा पहाटे चारपासून पातेल्याशी उभी होती, आणि तरी चेहरा असा की बाई आत्ताच कुठे आंघोळ करून आल्या आहेत.

त्याला कारण होतं. समोरचं लापॉइंट म्हाताऱ्याचं तिमजली घर गुरुवारी सरकारदरबारी नोंदलं गेलं होतं. दिओलिंदाच्या नावावर नव्हे, तिच्या निवृत्ती खात्याच्या नावावर. एकतीस वर्षं तिने इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या हाताळल्या होत्या, अठ्ठावीस वर्षं तिचा नवरा गिल विजेच्या खांबांवर चढला होता. तो गेल्यावर त्याची निवृत्तीची पुंजी तिच्या पुंजीत मिळाली आणि सगळीच्या सगळी शेअर बाजारात पडून राहिली. गेल्या हिवाळ्यात तिने ती उचलून अशा खात्यात नेली, जिथे पैसा कशात घालायचा ते मालकाने स्वतः ठरवायचं. घर घ्या, जमीन घ्या, कर आत्ता लागत नाही. "शेअरमध्ये काय वाईट होतं?" असं मुलाने विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "शेअरला खिडक्या नसतात. सकाळी उठून मला दिसत नाहीत ते." समोरच्या घराच्या खिडक्या ती तीस वर्षं बघत होती. कुठली चौकट कुजली आहे आणि कुठली नुसती रंगाला आली आहे, हे तिला लापॉइंटच्या वारसांपेक्षा जास्त कळत होतं, आणि भावही तिने त्याच हिशेबाने पाडून घेतला होता.

एकच गोष्ट तिने घरात कोणाला सांगितली नव्हती. आज सांगू, उद्या सांगू करता करता तीन आठवडे गेले होते.

"ताई, पाव संपत आला," तिची धाकटी बहीण लिओंतिना म्हणाली. ती सकाळपासून स्टुलावर बसून पाव कापत होती. अठ्ठावन्न वर्षांची, बिनलग्नाची, पडद्यांच्या कारखान्यात शिवणकाम करणारी लिओंतिना याच घराच्या वरच्या मजल्यावर बावीस वर्षं राहत होती. मधल्या मजल्यावर एक भाडेकरू जोडपं.

"माझ्या खोलीत आणखी चार आहेत, मी आणते," दिओलिंदा म्हणाली आणि जाता जाता खिडकीतून बाहेर बघितलं.

समोर नेल्सनची गाडी उभी होती. मागची दोन्ही दारं उघडी. तिचा चाळीस वर्षांचा प्लंबर मुलगा सणाचा कोट काढून, बाह्या सरसावून गाडीतून घर गरम ठेवणारा नवाकोरा बॉयलर उतरवत होता. जावई रायन शिडी धरून उभा. त्यांच्यामागे फुटपाथवर रंगाचे सहा डबे, आणि डब्यांपाशी, पाच महिन्यांचं पोट सांभाळत, लेक सुझेट हातात ब्रश घेऊन हसत होती.

इर्जिक! या कुटुंबात कोणी घर घेतलं की पहिल्या रविवारी इर्जिक ठरलेली. सगळे हत्यारं घेऊन येणार, मालकाने पोटभर जेवू घालायचं, संध्याकाळपर्यंत घर तयार. गिलच्या बापाचं घर असंच एका दिवसात रंगलं होतं. तीन भिंती हिरव्या आणि एक निळी, कारण हिरवा संपला होता. त्या निळ्या भिंतीचं कौतुक अजून चालू होतं. हे येणार हे तिला कळायला हवं होतं. एवढ्या हुशार बाईच्या ते डोक्यातच आलं नाही.

ती तशीच निघाली. अंगावर ॲप्रन, हातात सुपाचा डाव. रस्ता ओलांडून लापॉइंटच्या घराच्या तीन पायऱ्या चढली आणि दारात आडवी उभी राहिली.

"अरे, आलीच बघ!" नेल्सन खूश होऊन म्हणाला. "आई, तुला नंतर सांगणार होतो. बॉयलर माझ्याकडून. रंग रायनकडून. तू फक्त बस आणि बघ."

"बॉयलर गाडीत ठेव."

"काय?"

"गाडीत ठेव म्हटलं. एक स्क्रू या दाराच्या आत जायचा नाही."

नेल्सन हसला. आईची थट्टा त्याला कधी वेळेवर कळत नसे, म्हणून तो आधी हसून घ्यायचा. "बाजूला हो गं. जड आहे हे."

"नेल्सन, आणखी एक पायरी चढलास तर हा डाव तुझ्या डोक्यात घालीन. मुकुट घरात आहे, देवासमोर सांगते."

आता तो थांबला. रायननेही शिडी खाली टेकवली. दिओलिंदाने श्वास घेतला आणि जे तीन आठवडे पोटात होतं ते भर रस्त्यात, डाव हलवत सांगितलं. हे घर तिचं नाही, खात्याचं आहे. खात्याच्या घरात खातेदाराने राहायचं नाही, काम करायचं नाही, खिशातून खर्च करायचा नाही. तिने नाही, तिच्या आईबापांनी नाही, तिच्या मुलांनी नाही, नातवंडांनी नाही. मुलांच्या नवऱ्याबायकांनीही नाही. दुरुस्ती करायची ती परक्या माणसाने, आणि पैसे द्यायचे ते खात्यातूनच.

"म्हणजे मी फुकट बॉयलर बसवला तर गुन्हा?" नेल्सन म्हणाला.

"गुन्हा नाही. पण सरकार म्हणेल, हे खातं निवृत्तीचं नव्हेच, हा घरगुती कारभार आहे. म्हणजे सगळे पैसे एकदम काढले असं धरणार आणि सगळ्यावर याच वर्षी कर लावणार. दीड-पावणेदोन लाख डॉलर. कुठून भरू? हेच घर विकावं लागेल, पडेल त्या भावाला."

"मी तर रक्ताचाही नाही," रायन म्हणाला. तो आयरिश, तांबूस केसांचा, आणि नऊ वर्षं झाली तरी या घरात जपून बोलणारा. "मी रंगवलं तर?"

"जावई यादीत आहे."

"खरंच?" रायन म्हणाला. "पहिल्यांदाच कोणीतरी मला घरचा धरलं."

कोणी हसलं नाही. सुझेटने ब्रश रंगाच्या डब्यावर ठेवला होता.

"राहायचंसुद्धा नाही?" तिने हळू विचारलं.

"घरी चल," दिओलिंदा म्हणाली. "रस्त्यात नको."

"आई, आम्ही एकतीस तारखेला घर सोडतोय. मालकाला लिहून दिलंय."

"घरी चल म्हटलं ना."

स्वयंपाकघरात लिओंतिना अजून स्टुलावरच होती. पुढच्या खोलीत मुकुटासमोर तीन म्हाताऱ्या जेवत होत्या, म्हणून सगळं भांडण दबक्या आवाजात सुरू झालं. दबक्या आवाजातलं भांडण जास्त झोंबतं.

"तू शब्द दिला होतास," सुझेट म्हणाली.

"शब्द दिला नव्हता. तू म्हणालीस, समोरचा मधला मजला आमचा, आणि मी गप्प राहिले."

"तू गप्प राहिलीस म्हणजे शब्दच झाला ना! तू कधी गप्प असतेस?"

त्या दिवशी सुझेटने पोटातल्या बाळाची बातमी आणि मधला मजला, दोन्ही एका दमात सांगितलं होतं. लेकीचा तो चेहरा बघून दिओलिंदाची जीभच उचलली नाही. पुढे रोज एक दिवस वाढत गेला. तिमजली घर बांधतातच कशाला? खाली आईबाप, वर लेकरं, त्याच्यावर आणखी कोणी आपलं. गावातल्या दर घरात हेच. आपल्याच हाताने घेतलेल्या घरात आपलंच लेकरू चालत नाही, हे ती कोणाला कुठल्या तोंडाने सांगणार होती!

"पैसे काढ, कर भर आणि घर तुझ्या नावावर कर," नेल्सन म्हणाला. तो बहिणीच्या बाजूला जाऊन उभा होता. "कटकट संपली."

"पावणेदोन लाख? तुझा बाप अठ्ठावीस वर्षं खांबावर चढला, त्यातली आठ वर्षं उगाचच चढला असं समजायचं?"

"बाबांचेच पैसे होते ते," सुझेट म्हणाली. "बाबा असते तर मला दाराबाहेर ठेवलं नसतं."

पातेल्याखालची आच दिओलिंदाने बंद केली. तिच्या हाताला काहीतरी हवं होतं. पण तिच्याआधी नेल्सनच बहिणीकडे वळला.

"ए, तिथे थांब. बाबांनी ते पैसे आईला दिले. तुला नाही, मला नाही. आईने कुठे घालायचे ते आई ठरवेल."

"आत्ता तर तू—"

"मी बॉयलरबद्दल बोलत होतो! माझा बॉयलर परत कोण घेणार, हे माझं दुःख वेगळं आहे."

"आणि माझं बाळ कुठे झोपणार, हे माझं."

"मी आहे का गं त्या यादीत?" लिओंतिनाने विचारलं.

सगळे तिच्याकडे वळले. ती पावाचे तुकडे टोपलीत रचत होती, अगदी सरळ रांगेत.

"नाही," दिओलिंदा म्हणाली.

"बहीण नाही?"

"बहीण नाही, भाऊ नाही, भाचे-पुतणे नाहीत. वर आईबाप, खाली मुलंबाळं, एवढंच मोजतात. बाजूचं नाही मोजत."

"म्हणजे सरकारच्या लेखी मी तुझी परकी."

"मोकळी," दिओलिंदा म्हणाली. "परकी नाही, मोकळी."

"म्हणजे मावशी तिकडे राहू शकते," सुझेट पटकन म्हणाली, "आणि मग मावशीची जागा..." पुढचं वाक्य तिने गिळलं. तिचा चेहरा लाल झाला.

हेच. अगदी हेच दिओलिंदाने पहिल्या दिवशी ओळखलं होतं. खातं सांभाळणाऱ्या कंपनीतला प्रेस्कॉट फोनवर यादी वाचत होता, आणि यादी संपायच्या आत तिचा हिशेब झाला होता: लिओंतिना समोर, सुझेट वर, सगळं बसतं. एवढी सोपी गोष्ट. घराचा भाव पाडताना तिची जीभ अडली नव्हती, कंपनीच्या लोकांशी वाद घालताना अडली नव्हती. पण बावीस वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तिनेच लिओंतिनाची ट्रंक वर नेली होती, आणि "तुला इथून कोणी ऊठ म्हणणार नाही" असं सांगितलं होतं. तो शब्द तोंडाने दिला होता, गप्प राहून नव्हे.

"तिला कोणी जागेवरून उठवणार नाही!" ती ओरडली. पुढच्या खोलीतले चमचे थांबले. "समोरचं घर उद्या विकेन, पण ती कुठे जाणार नाही. नवीन बाळ येतंय म्हणून मावशीला खाली ढकलायचं? तुम्हाला वाढवलं कोणी? मी कामावर असताना आजीच्या घरून येऊन तुमची नाकं कोणी पुसली?"

"मी तसं म्हणाले का?" सुझेट रडायला लागली. "मी गप्प बसले ना!"

"ताई," लिओंतिना म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस, तिना. हे मी बघते."

"ताई, माझ्या जागेचं चाललंय. मला एकदा तरी विचारशील?"

लिओंतिनाने सुरी बाजूला ठेवली. "त्रेचाळीस पायऱ्या आहेत. रोज चारदा. दोन वर्षं झाली, उजवा गुडघा गेलाय. उतरताना मी मागे तोंड करून उतरते, कठड्याला धरून, कोणी बघत नाही ना ते बघून. आज सकाळी खाली आले ती अजून वर गेले नाही, ते काय पावाच्या प्रेमापोटी?"

"मग बोलली का नाहीस?"

"कशी बोलू? चर्चमध्ये, बाजारात, डॉक्टरकडे, जिथे जाशील तिथे सांगतेस, तिना वर आहे म्हणून मला झोप लागते. तुझी झोप कशी मोडायची?"

दिओलिंदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोरच्या घरातली प्रत्येक कुजकी चौकट तिला इथून दिसत होती, आणि स्वतःच्या जिन्यावर बहीण उलटी उतरते हे दोन वर्षांत दिसलं नव्हतं. ती खुर्चीत बसली. पहाटेपासून पहिल्यांदाच.

"तळमजला मला दे," लिओंतिना म्हणाली. "मागे अंगण आहे तो."

"भाडं बाजारभावाने घ्यावं लागेल," दिओलिंदा कशीबशी म्हणाली. "चौदाशे. एक डॉलर कमी घेता येत नाही, नाहीतर तीही सवलत धरतात."

"कमी मागितलंय कोणी?"

"पण तू आणणार कुठून?"

"बावीस वर्षं तुला महिन्याला तीनशे दिले. उरलेल्या पगाराचं मी काय केलं असं तुला वाटलं? मेणबत्त्या लावल्या?"

नेल्सन आधी फिस्सकन हसला. मग रायन, आणि मग रडता रडता सुझेटसुद्धा. मावशीकडे पैसे असतील, हे त्या घरात कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"करार मात्र नीट कर," लिओंतिना पुढे म्हणाली. तिच्या आवाजात कारखान्याच्या युनियनमधली धार आली होती. "पाच वर्षांचा. नवा बॉयलर बसल्याशिवाय मी येणार नाही. आणि अंगणातली द्राक्षाची वेल माझी. लापॉइंटने नुसती वाळवली आहे ती."

"बॉयलर खात्यातून बसेल. तीन जणांकडून भाव मागवलेत."

"कोणाकडून?" नेल्सनने कान टवकारले. दिओलिंदाने तिन्ही नावं सांगितली. दुसऱ्या नावाला त्याने डोकं धरलं. "त्याच्याकडून? आई, तो माणूस नळाला चिकटपट्टी लावतो!"

"मग पहिल्याला देते. सल्ला द्यायला बंदी नाही. हात लावायला आहे."

सुझेट उठली आणि मावशीच्या स्टुलापाशी गेली. "मावशी, तुला खरंच हवंय ना? आमच्यासाठी नाही ना जात?"

"तुझ्यासाठी मी खूप केलंय, बाई. हे माझ्या गुडघ्यासाठी," लिओंतिना म्हणाली. "तू आता तरणी आहेस, चढ त्रेचाळीस पायऱ्या. आणि वरच्या नळाचं पाणी पहिली दोन मिनिटं तांबडं येतं. तुझ्या भावाला दुरुस्त करायला सांग, हे घर तुझ्या आईचं आहे, इथे चालतं."

पुढच्या खोलीतून एक म्हातारी रिकामी ताटली घेऊन आली आणि आणखी सूप आहे का म्हणून विचारलं. दिओलिंदा उठली आणि आच परत लावली.

बॉयलर पहिल्या माणसाने बसवला. तीन दिवस लागले. नेल्सनने ते तिन्ही दिवस संध्याकाळी आईच्या पोर्चवर खुर्ची टाकून, हात काखेत दाबून बघितले. तिसऱ्या दिवशी "बरं केलंय" एवढंच म्हणाला आणि घरी गेला. सामान हलवायच्या दिवशी त्याने आधी आईला प्रेस्कॉटला फोन करायला लावला. भाडेकरूचं सामान भाडेकरूच्या भाच्याने वाहिलं तर खात्याचा काही संबंध नाही, असं उत्तर आलं. मग त्याने आणि रायनने लिओंतिनाचं शिसवी कपाट असं उचललं की जणू लग्नाची वरात.

कराराच्या कागदावर एक रकाना होता: भाडेकरू वर दिलेल्या नात्यांपैकी कोणी आहे काय? लिओंतिनाने चष्मा लावून सगळी नाती वाचली, 'नाही'वर खूण केली आणि सही ठोकली. दिओलिंदाने त्या वेळी खिडकीबाहेर बघितलं. कायदा बरोबर होता, सगळं तिच्याच मनासारखं झालं होतं, आणि तरी तिला ते आवडलं नाही.

पहिल्या रविवारी ती चर्चमधून आली, गोड पाव भाजला आणि गरम असतानाच फडक्यात गुंडाळून रस्ता ओलांडला. तिन्ही पायऱ्या चढून तिने सवयीने दाराची मूठ फिरवली. दार उघडलं नाही. बहिणीच्या दाराला कुलूप असतं हे तिच्या गावीही नव्हतं. तिने पुन्हा फिरवून बघितली, मग इकडेतिकडे बघितलं, आणि बेल वाजवली.

आतून सावकाश पावलं आली. दार उघडून लिओंतिना उंबऱ्यात उभी राहिली. अंगावर इस्त्रीचा ड्रेस, कानात मोती.

"काय काम होतं?"

"काम काय असणार? पाव आणलाय."

"मालकीणबाई भाडेकरूला फुकट पाव देतात? चालतं का तुझ्या त्या प्रेस्कॉटला?"

"विचारलं मी," दिओलिंदा म्हणाली. "पाव चालतो."

लिओंतिना दारातून बाजूला झाली. "मग ये आत," ती म्हणाली.

अठ्ठावन्न वर्षांत तिला हे कोणाला म्हणता आलं नव्हतं. आधी घर आईचं होतं, मग बहिणीचं. दिओलिंदाने पायपुसण्यावर पाय पुसले, आत गेली, आणि लिओंतिनाने दाखवलेल्या खुर्चीत बसली.